टाकीच्या झाकणावरचं कुंकू

जयवंत धुरी इंजिन आधी ऐकतो, मग बघतो. गिऱ्हाईक 'असं होतंय, तसं होतंय' सांगायला लागलं की तेलकट हात वर करून म्हणतो, "तू थांब रे जरा. त्याला बोलू दे." मग मान तिरकी करून उभा राहतो, फोडणी करपली की काय याचा अंदाज घेणाऱ्या बाईसारखा. परळच्या गल्लीत त्याच्या गॅरेजला बोर्ड नाही. होता, पण रस्ता खणला तेव्हा उतरवला तो परत चढलाच नाही. त्यावाचून कुणाचं अडलंही नाही.

वय बावन्न. बाप मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागावर होता. संप झाला तेव्हा जयवंत दहा वर्षांचा. पुढं मोटारसायकली शिकला, आणि आठ-नऊ वर्षांपूर्वी त्याच्या आयुष्यात कार्ट आली. कार्ट म्हणजे जमिनीला चार बोटं ठेवून पळणारी, ना छप्पर ना दार, लोखंडी नळ्यांची छोटी गाडी. शर्यतीची असली तरी आमच्या हौशी मंडळींच्या कार्टला इंजिन असतं ते शेतातल्या पाण्याच्या पंपाचं. ते बिचारं जन्माला आलेलं असतं एका चालीनं पाणी उपसायला. जयवंत त्याचा वेगाचा लगाम काढून टाकतो, कार्बोरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, मोठं करतो, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक बसवतो, आणि मग ते इंजिन असं काही ओरडतं की वरच्या मजल्यावरच्या बाया वाळवणावरून उठून खाली वाकून बघतात.

ही कार्ट दादरच्या स्पृहाची. स्पृहा दातांची डॉक्टर, अठ्ठावीस वर्षांची, बोलायला मऊ. आठवडाभर लोकांच्या दाढा कोरायची आणि रविवारी पनवेलच्या पुढल्या ट्रॅकवर हेल्मेट घालून पोरांना मागं टाकायची. दसऱ्यानंतर तिथं सहा शर्यतींची मालिका होते. त्या वर्षी पहिल्या तिघांत यायचंच, असं तिनं ठरवलं होतं. "जयवंतकाका, गाडी तुमची, पाय माझा," असं म्हणायची. जयवंतला ते फार आवडायचं.

या इंजिनातलं एकच काम जयवंत स्वतः करत नसे. सिलिंडरच्या डोक्यावर जो भाग बसतो, ज्याला हेड म्हणतात, त्यात व्हॉल्व्ह जिथं टेकतात ती सीट कापायची आणि व्हॉल्व्ह घासून घासून तिच्यावर असे बसवायचे की मधून वारासुद्धा जाता कामा नये. ते काम लालबागच्या कुशाबा शेडगेचं.

कुशाबा घाटावरचा, पाटणकडचा. मिलच्या मेकॅनिक खात्यात टर्नर होता. मिल गेली, पण त्याच मिलच्या भंगारातून एक लेथ त्यानं मिळवला आणि चाळीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात बसवला. आता वय पंच्याहत्तरच्या पुढं. जयवंतच्या बापाचा दोस्त. सोळा वर्षांच्या जयवंतच्या हातात पहिलं मायक्रोमीटर यानंच दिलं होतं, आणि पहिली टपलीही. जयवंत त्याला मामा म्हणतो. दोघांत कोकण आणि घाट अशी जुनी लढाई चालू असते.

"मासं खाऊन तुमाला डोकं येतं म्हणत्यात. मग तुला का न्हाय आलं रं?"

"मामा, आमचं डोकं सगळं बोटीतून येताना समुद्रात सांडलं. तुम्ही एसटीनं आलात, तुमचं पत्र्याखाली उकडलं."

चहाचा ग्लास धरताना कुशाबाचा हात थरथरायचा. हे सगळ्यांना माहीत होतं. पण व्हॉल्व्ह घासायची ती ताकाच्या रवीसारखी काठी दोन तळव्यांत धरली की हात दगडासारखा. स्पृहा एकदा जयवंतबरोबर गाळ्यात गेली होती, तेव्हा बाहेर आल्यावर म्हणाली, "काका, असा हात आमच्या कॉलेजातल्या सरांचासुद्धा नव्हता. काम हातात आलं की थांबतो बघा."

त्या वर्षी कुशाबानं हेड दिलं ते दसऱ्याच्या चार दिवस आधी. देताना म्हणाला, "सीट नवी हाय. पयले दोन तास दमानं पळीव. बसंल आपसूक."

मग दसरा आला.

दसऱ्याला जयवंतच्या गॅरेजात पूजा असते ती बापाच्या पद्धतीची. मिलमध्ये साच्यांना पाण्यातलं कुंकू लावत नसत, लोखंड गंजतं म्हणून. कुंकू तेलात कालवायचं. आणि बाप म्हणायचा, प्रत्येक मशीनला कपाळ असतं, ते शोधून तिथं लावायचं, कुठंही फासायचं नाही. जयवंतनं पान्यांना लावलं, हवेच्या पंपाला लावलं, मोटारसायकलींच्या दिव्यांवर लावलं. स्पृहाच्या इंजिनाशी येऊन तो थबकला. याचं कपाळ कुठलं? सगळ्यात उंचावर होती पेट्रोलची टाकी, आणि टाकीवर झाकण. तिथं त्यानं अंगठ्यानं लालभडक टिळा ओढला, अक्षता चिकटवल्या, झेंडूचं फूल ठेवलं. त्याची बायको सुभद्रा आरती घेऊन उभी होती. म्हणाली, "नवऱ्यामुलासारख्या दिसता हा."

पहिल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी त्यानं चिंधीनं झाकण पुसलं. स्पृहाचे हातमोजे पांढरे होते, डाग पडला असता. चांगलं जोर लावून पुसलं. झाकण चकचकीत झालं.

पहिल्या शर्यतीत सहाव्या फेरीला इंजिनाचा जीव गेला. म्हणजे बंद नाही पडलं. लांब सरळ रस्त्यावर जिथं ओरडायला पाहिजे तिथं ते खोकायला लागलं, वेग चढेना, आणि मागची पोरं सूं सूं करत निघून गेली. स्पृहा अकरावी आली. परत आल्यावर तिनं टाकीचं झाकण उघडून बघितलं, पेट्रोल भरपूर. इंजिन चालू केलं तर ठणठणीत.

दुसऱ्या शर्यतीत तेच. सहावी फेरी, सातवी फेरी, मग दम उखडला. सरावाला मात्र काही नाही. सरावाला दर तीन फेऱ्यांनी आत यायची, पेट्रोल बघायची, परत जायची. घोडं पळत होतं.

जयवंतनं सगळं केलं. प्लग काढला तर पांढराफटक, म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडत होतं. कार्बोरेटर खोलून धुतला. जेट आणखी मोठं बसवलं. पेट्रोलची नळी बदलली. कॉइल बदलली. क्लच सरकतो का बघितलं. प्रत्येक वेळी गॅरेजात इंजिन चालवून बघायचा, आणि गॅरेजात ते कधीही दगा देत नव्हतं. आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. गॅरेजात चाचणी घेताना कुणी टाकी जोडत नाही. वरच्या खिळ्याला प्लास्टिकची बाटली उलटी टांगायची, सलाईनसारखी, तळाला भोक, आणि नळी सरळ कार्बोरेटरला. सगळे तसंच करतात. जयवंत तीस वर्षं तसंच करत आला होता. बाटलीवर इंजिन अर्धा अर्धा तास वाघासारखं गुरगुरायचं. मग त्यानं मनात हिशेब मांडला की पेट्रोलची बाजू साफ आहे. टाकी त्या हिशेबात आलीच नाही. टाकीत बिघडण्यासारखं असतं काय? पत्र्याचा डबा तो.

तिसऱ्या शर्यतीनंतर स्पृहा गॅरेजात आली. बाकावर बसली. नखं बघत म्हणाली, "काका, राग मानू नका. दुसऱ्या कुणाला दाखवू का एकदा?"

एवढंच. आवाजसुद्धा चढवला नव्हता तिनं. पण तीस वर्षांत त्याला असं कुणी म्हणालं नव्हतं. "दोन दिवस दे," तो म्हणाला. त्या दोन दिवसांत त्याला कारण शोधायचं नव्हतं, माणूस शोधायचा होता. हे त्याचं त्यानंच नंतर कबूल केलं, म्हणून मी लिहितो.

त्यानं हेड उतरवलं. ते उलटं धरून त्याच्या वाटीसारख्या खोलगट भागात पेट्रोल ओतलं, खाली वर्तमानपत्राचा कागद धरला. बऱ्याच वेळानं कागदावर एक ओला ठिपका उमटला. वाटाण्याएवढा. नव्या सीटवर तेवढं पाझरतं, दोन तास दमानं पळवलं की बसतं, हे कुशाबानं सांगितलेलं होतं. जयवंतनं ते स्पृहाला सांगितलंच नव्हतं, कारण शर्यत तोंडावर होती. पण तो ठिपका बघितला आणि त्याला हायसं वाटलं. चूक सापडली. चूक आपली नाही.

त्याच संध्याकाळी गॅरेजशेजारच्या मनूच्या चहाच्या ठेल्यावर कुशाबा बसलेला. रोजच्यासारखा, ग्लास हातात, चहा हिंदकळतोय. स्पृहा होती, दोन-तीन मोटारसायकलवाले होते. जयवंत हेड घेऊन आला आणि सगळ्यांदेखत त्याच्या नाकासमोर धरलं.

"मामा, बघा हे. गळतंय."

"नवी सीट हाय. सांगितलं हुतं तुला..."

"तीन शर्यती गेल्या पोरीच्या! नवी काय आणि जुनी काय? सीट वाकडी मारलीय. मामा, आता घरी बसा. हात गेला तुमचा."

मनूनं उगाच किटली हलवली. कुशाबानं आपल्या हाताकडं बघितलं. ग्लास थरथरत होता, आणि सगळ्यांचं लक्ष त्या ग्लासाकडं होतं. त्यानं तो बाकावर ठेवला.

"व्हय?" तो म्हणाला. "मला कळलं न्हाय."

आणि उठून गेला. चहा तसाच.

जयवंत हेड घेऊन अँटॉप हिलला एका नव्या वर्कशॉपात गेला. तिथं संगणकावर चालणारं मशीन, काचेच्या पेटीत आपोआप सीट कापली गेली. कागदावर ठिपका उमटला नाही. जयवंत खूष. चौथ्या शर्यतीत सातव्या फेरीला इंजिनानं परत मान टाकली.

त्या दिवशी ट्रॅकवर कडेच्या टायरांच्या ढिगावर जयवंत बराच वेळ बसून राहिला. आता त्याला ठाऊक होतं की सीटचा दोष नव्हता. त्याच संध्याकाळी लालबागला जाऊन सांगता आलं असतं. पण तो मनाशी म्हणाला, आधी खरं कारण सापडू दे, मग एकदमच सांगू. असं पुढं ढकलायला माणसाला कायम काहीतरी सापडतं.

पुढच्या रविवारी नुसता सराव होता. स्पृहानं ठरवलं की आत यायचंच नाही, थेट शर्यतीसारख्या दहा फेऱ्या मारायच्या. सातव्या फेरीला लांबच्या कोपऱ्यावर गाडी बंदच पडली. ती उतरली, हेल्मेट काढलं, सवयीनं टाकीचं झाकण फिरवलं. मग गाडी पुन्हा चालू करून थेट जयवंतकडं आली.

"काका, एक विचित्र गोष्ट झाली. झाकण उघडलं ना, तर 'फुस्स' असा आवाज आला. आत हवा ओढल्यासारखा. आपण लोणच्याची बरणी उघडतो ना, तसा. आणि लगेच चालू झाली."

जयवंत जागचा उठला. झाकण काढलं, उलटं केलं. टाकीच्या झाकणाला सुईएवढं भोक असतं. पेट्रोल जसजसं कमी होतं तसतशी त्या भोकातून हवा आत येते. भोक बुजलं तर आत पोकळी होते आणि ती पेट्रोलला खाली उतरू देत नाही. बाटली उलटी आणि वर आलेल्या बुडाला हवेचं भोक, तिथं हे कधी कळणार? आणि बघायला म्हणून प्रत्येक वेळी झाकण उघडलं की दुखणं बरं होणार. लहान पोराच्या पोटदुखीसारखं, डॉक्टर आला की पळालं.

त्यानं झाकण ओठांशी धरून फुंकलं. हवा जाईना. सूर्यासमोर धरलं. उजेड दिसेना. खिशातल्या किल्ल्यांच्या जुडग्यात सुभद्रानं कधीतरी अडकवलेली सेफ्टी पिन होती. त्या पिनेनं त्यानं टोकरलं. एक कडक खपली निघून त्याच्या तळव्यावर पडली.

लाल.

तेलातलं कुंकू महिन्या-दीड महिन्यात लाखेसारखं होतं. ते त्यानंच कालवलेलं, त्यानंच लावलेलं, आणि वर चिंधीनं जोर लावून त्यानंच भोकात ठासलेलं.

"काय होतं काका?"

"कचरा," जयवंत म्हणाला. आणि मूठ मिटली.

स्पृहा परत ट्रॅकवर गेली. दहा फेऱ्या, बारा फेऱ्या, इंजिन गळा काढून ओरडत होतं. दर फेरीला समोरून जाताना ती एक हात वर करायची. शेवटी आली ती घामानं निथळत, हसत. "काका, जमलं! अजून दोन शर्यती आहेत." मग हातमोजे काढता काढता थांबली. "म्हणजे कुशाबाकाकांचं काम बरोबर होतं ना?"

"बघू," जयवंत म्हणाला. "सगळं सामान उचल, उन्हं उतरायला लागली."

मूठ त्यानं घरी येईपर्यंत उघडली नव्हती.

सोमवारी तो लालबागला निघाला आणि मसाला गल्लीतूनच परत फिरला. मंगळवारी गाळ्यापर्यंत गेला. दार अर्धं उघडं होतं. लेथवर जुनी फुलाफुलांची चादर पांघरलेली होती, आजारी माणसावर पांघरतात तशी. कुशाबा स्टुलावर नुसता बसला होता.

"ये. काय काम काढलंस?"

"काही नाही मामा. असंच. तब्येत कशी काय?"

"तब्येतीला काय झालंय?" कुशाबानं दोन्ही हातांनी पाण्याचा तांब्या उचलला. दोन्ही हातांनी. "बरं झालं आलास. हे घिऊन जा." त्यानं फडताळातून लाकडी पेटी काढली. आत मायक्रोमीटर. तेच, सोळाव्या वर्षीचं. "मला आता कुठं लागतंय? येत्या रविवारी लेथ बी जातोय. टेम्पो ठरीवलाय भंगारवाल्यानं. तूच सांगितलंस ते बरं झालं बघ. दुसरा कोण बोलला नसता तोंडावर. मला वाटायचं, काम धरलं की हात थांबतुया. न्हाय थांबत. मानूस स्वोताला फशीवतो."

जयवंतच्या खिशात ती लाल खपली कागदाच्या पुडीत होती. त्यानं खिशात हातसुद्धा घातला. आणि पेटी घेऊन घरी आला.

घरी सुभद्रानं पेटी बघितली. बुधवारी बघितली, गुरुवारी बघितली. शुक्रवारी दुपारी सुरमईची कढी वाढून ती समोर बसली.

"तुमका काय झाला हा? चार दिवस भाताक धड हात लावूक नाय तुमी. आणि ही पेटी देवाऱ्यात कित्याक ठेवलास?"

जयवंतनं सांगितलं. पहिल्यांदाच सगळं सांगितलं, टिळ्यापासून. सांगताना ताटातला भात एका बाजूला सारत राहिला. सुभद्रा ऐकत होती. मग म्हणाली, "आरती मीच धरलंय. माका हसूक इला होता."

"तुझा काय संबंध?"

"नाय, माझो नाय. तुमचोच." ती उठली. "तर मगे जावा. कढी थंड झाली, ती काय पळणा नाय."

तरी तो शुक्रवारी गेला नाही. शनिवारी दुपारी गेला.

गाळ्यात कुशाबा लेथला तेल देत होता. चादर घडी करून बाजूला ठेवलेली. उद्या भंगारात जाणारा लेथ, पण सगळे दांडे पुसून, दातांत अडकलेला बारीक कीस ब्रशनं काढून, लग्नाला निघाल्यासारखा तयार केला होता. जयवंतनं मायक्रोमीटरची पेटी बाकड्यावर ठेवली, तिच्याशेजारी टाकीचं झाकण, आणि झाकणाशेजारी पुडी उघडली.

"मामा, सीट सरळ होती. हात गेला नव्हता. हे भोकात होतं. मीच दसऱ्याला लावलं होतं."

कुशाबानं कपाळावर सरकवलेला चष्मा खाली घेतला. खपली नखावर घेतली, वास घेतला.

"त्येलात कालवलंस?"

"हां. बाबा तसंच करायचे."

"तुजा बा," कुशाबा सावकाश म्हणाला, "त्येलाची भोकं सोडून लावायचा. साच्याला ठायी ठायी भोकं असायची, त्येल सोडायला. आधी बोटानं चाचपायचा, भोक कुठं हाय, आन् मग कपाळ ठरवायचा. त्येवढं न्हाय बघितलंस व्हय तू?"

"नाही बघितलं."

"दहा वर्सांचं पोर. खालनं काय दिसणार तुला?" तो एवढं म्हणाला आणि जयवंतला वाटलं, सुटलो. मग कुशाबानं झाकण खाली ठेवलं. "कवा कळलं हे?"

जयवंतला त्या प्रश्नाची भीती होती.

"रविवारी."

"ह्या गेल्या रईवारी?"

"हां."

"आज शनवार." कुशाबानं बोटं मोजली नाहीत. "मंगळवारी आलास तवा तुला ठावं हुतं. मी पेटी दिली. तू घेतलीस."

"घेतली."

"गप घिऊन गेलास."

जयवंतला पायाखालच्या फरशीवरचा तेलाचा जुना डाग दिसत होता. तो त्याच्या लहानपणापासून तिथं होता. माफ करा म्हणावं असं त्याला वाटलं, पण तोंड उघडलं तर काहीतरी भलतीच सबब बाहेर येईल, म्हणून त्यानं ते मिटूनच ठेवलं.

"चल," कुशाबा म्हणाला. "मनूकडं. जितं बोलला हुतास तितंच बोल."

दोघं लालबागहून परळला चालत आले. मनूच्या ठेल्यावर दुपारची मंडळी होती, त्यातला एक मोटारसायकलवाला त्या दिवशीही होता. कुशाबा बाकावर बसला. जयवंत उभाच राहिला.

"मनू, ऐक. त्या दिवशी मी मामांना बोललो ना, हात गेला म्हणून. ते चुकीचं होतं."

मनूनं गाळणी आपटली. "कौनसा हात?"

"अरे त्या दिवशी. हेड घेऊन आलो होतो बघ मी."

"कसलं हेड?" मोटारसायकलवाला म्हणाला. "जयवंतभाऊ, माझ्या गाडीची क्लच वायर कधी करताय ते सांगा ना."

कुणालाच आठवत नव्हतं. इतके दिवस जे दोन माणसं छातीत घेऊन फिरत होती, ते इथं चहाच्या चोथ्याबरोबर कधीच गटारात गेलेलं. माघार घ्यायची तर आधी तो अपमान पुन्हा करणं भाग होतं. जयवंतनं केला. हेड कसं नाकासमोर धरलं ते सांगितलं, काय बोललो ते शब्द तसेच्या तसे सांगितले, मग टिळा, चिंधी, भोक, खपली. मनू किटली हातात धरून ऐकत होता.

"म्हणजे तूने खुद पूजा करके इंजिनाचा गळा दाबला?"

"हां."

"और इनको बोला?"

"हां."

"काय माणूस आहेस रे तू," मनू म्हणाला. कुणी हसलं नाही, फक्त त्या मोटारसायकलवाल्याला हसू फुटत होतं, ते त्यानं खोकल्यात घालवलं.

कुशाबा उठला. "झालं. आता गॅरेजात दुसरं हेड पडलंय का तुज्याकडं?"

होतं. जुनं, व्हॉल्व्ह काढून ठेवलेलं. ते घेऊन दोघं परत गाळ्यात आले. कुशाबानं व्हॉल्व्हच्या कडेला घासायची पेस्ट लावली, काठीची रबरी वाटी थुंकी लावून चिकटवली, काठी दोन तळव्यांत धरली. जयवंत वाकून बघत होता.

काठी थरथरली.

चहाच्या ग्लासासारखी नाही, पण थरथरली. व्हॉल्व्ह सीटवर एका बाजूला कलला आणि ओरखडल्याचा आवाज आला. कुशाबानं काठी सोडली, तळवे धोतराला पुसले, पुन्हा धरली. पुन्हा तेच. जयवंतनं उभ्या आयुष्यात त्या हाताला कामात हलताना बघितलं नव्हतं.

"मामा, मी..."

"तू भायेर जा."

"मामा, आज राहू दे. उद्या..."

"भायेर जा म्हंतो ना. तू बघतुयास म्हणून हुतंय. जा."

जयवंत बाहेर आला. दार मागून लोटलं गेलं. चाळीच्या अंगणात कुणीतरी बोंबील वाळत घातले होते, त्यांच्याजवळ एक मांजर नजर लावून बसलं होतं. जयवंत भिंतीला टेकून मान तिरकी करून उभा राहिला. त्याला दुसरं काय येतं?

व्हॉल्व्ह घासण्याचा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला कळतं. हात चांगला असला की चर्र चर्र, चर्र चर्र, जात्यासारखी लय लागते, आणि जसजसा व्हॉल्व्ह बसत जातो तसतसा आवाज मऊ होत जातो. आत चर्र झालं. थांबलं. चर्र. मग खरखर. मग बराच वेळ काही नाही. जयवंतला वाटलं म्हातारा रडतो की काय. मग पुन्हा चर्र चर्र, तीनदा, चारदा, आणि थांबलं.

असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. मांजरानं एक बोंबील पळवला. समोरच्या खोलीतल्या बाईनं शिव्या घातल्या, त्या जयवंतलाच घातल्यासारख्या त्यानं ऐकून घेतल्या.

"जयवंता," आतून हाक आली.

"हां, मामा."

"त्या भंगारवाल्याचा नंबर हाय का तुज्याकडं?"

"आहे."

"लाव त्याला. म्हणावं, उद्या नगं. आठ दिवसांनी ये."

"आठ दिवसांनी?"

"मग बघू म्हणावं. तवर हात काय म्हंतो ते कळंल." जरा थांबून कुशाबा म्हणाला, "आन् आत येऊ नगंस. मग मनूकडनं चहा आण. माझा एकच. दारात ठेव."

जयवंतनं फोन काढला. नंबर शोधता शोधता त्याचा अंगठा थांबला, कारण आत पुन्हा घासणं सुरू झालं होतं. चर्र चर्र, चर्र चर्र. तो मोजायला लागला. सहा. सात. आठव्याला आवाज अडखळला. जयवंतनं नंबर लावला आणि फोन कानाशी धरून दुसऱ्या कानानं दाराकडंच ऐकत राहिला.